एकेचाळिसावी नोंद

सात वाजून पाच. सड्यावर पोचलो.
मोटारसायकल चिऱ्याच्या खाणीपाशी ठेवली,
पुढची वाट पायांना पाठ आहे:
करवंदीची जाळी, गुरांचं आटत आलेलं डबकं,
मग उघडा कातळ, अजून दिवसाची ऊब धरून.
गोणपाट अंथरलं. दुर्बिणीची भिंगं पुसली.
खारं दहिवर आत्ताच उतरायला लागलंय.

धूमकेतूला नाव आहे, पण आकड्या-अक्षरांचं,
गाडीच्या नंबरासारखं.
नाट्याच्या बाजारात कुणी विचारलं तर मी सांगतो, पाहुणा.
सुभान हमाल म्हणाला, आता कुणाचा वायट करतोय ह्यो?
म्हटलं, झालं तर त्याचंच होईल.
सूर्याच्या फार जवळून निघालाय.

बर्फातलं मला कळतं.
एकवीस वर्षं साच्यांतून लाद्या काढतोय.
कारखान्यातून निघते ती लादी
आणि जेटीवर उतरते ती लादी,
मधला रस्ता वजनातून गेलेला असतो.
आत धूळ असते, गवताची काडी,
एकदा एक अख्खा चतुर निघाला, पंख पसरलेला.
हाही तसाच असणार, मळका,
कुठल्या तरी फार जुन्या पाण्याचा.

सर्वपित्रीच्या संध्याकाळी दिसला पहिल्यांदा.
सरळ पाहिलं तर नाही. जरा बाजूला पाहिलं
तर आहे. लादी फोडताना
हवेत क्षणभर राहतो ना पांढरा दम,
तेवढाच. पण तो जात नव्हता.
मग चाक फिरवून शेजारचे दोन तारे फिसकटवले,
तो पसरलाय तितके पसरेपर्यंत,
आणि ठरवलं: याच्याहून फिका, त्याच्याहून उजळ.
लिलावात दोन टोपल्यांच्या भावावरून
तिसरीचा ठरवतात, तसं.
प्रत सहा पूर्णांक आठ. शेपूट: असावी.
खाली सही केली. कुणी मागितली नव्हती.

मग चांदणं आलं, पंधरा दिवस गेले.
कोजागिरी होऊन चंद्र उशिरा यायला लागला
तसा मी परत इथे. ही चौथी संध्याकाळ.
ज्येष्ठेच्या खाली, जिथे तो आता असायला हवा,
तिथे बोटींचे दिवे.
मासळीला भुलवणारे, पांढरेफटक.
समुद्राच्या कडेला जणू लग्नाचा मांडव.
ते बंदीचे आहेत. इसाक तांडेलला माहीत आहे,
मलाही. त्यांच्या खणांत बर्फ माझाच असतो.

परवा वजनकाट्यापाशी त्याला म्हटलं,
दहा मिनिटं बंद ठेवशील का रे, सात-चोवीसला?
हसला. डिझेलचा भाव सांगितला.
मग विचारलं, रोज दिसतो काय तुजा तो?
नाही, म्हटलं. दिसला नाही हेही लिहायचं असतं.
अंधार किती होता, ते लिहून.
मान हलवली त्याने. वाऱ्याबद्दल ऐकल्यासारखी.

सात-चोवीस.
दुर्बीण डोळ्याला. हात कोपरापासून थरथरतायत,
वय झालं किंवा चहा झाला नाही.
डावीकडून तिसरा दिवा
गेला.
एवढाच. बाकीचे तसेच.
क्षितिजावर त्या एका जागी
बोटाच्या पेराएवढी रात्र झाली,
आणि मी त्या पेरात शोधत राहिलो,
सरळ, मग तिरका, मग श्वास धरून.
दोन बारीक तारे होते तिथे. ते कधीच दिसले नव्हते.
तो नव्हता.
कदाचित धुक्यात. कदाचित तुटलाही असेल,
गेल्या आठवड्यातच, कुणी न बघता,
लादी आतून तडकते तशी, आवाज न होता.

सकाळी इसाक आला बर्फाला.
किती?
साठ.
साठ मोजल्या. त्याने काही विचारलं नाही,
मी काही सांगितलं नाही.
भुशाचा हात विजारीला पुसून गेला.

वहीत आहे ते असं:
दिसला नाही. आकाश निरभ्र, खाली धुकं.
मर्यादा सहा पूर्णांक दोन, अंदाजे.
क्षितिजावर दिवे अकरा.
७.२४ ते ७.३४, दहा.